नादारीचा अर्ज आणि दहा वर्षांचा करार

'नादारी' हा शब्द आता मराठी शाळांच्या कचेऱ्यांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तो घरोघरी माहीत होता. फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलाला फी माफ होई, तिला नादारी म्हणत. अर्धी माफ झाली तर अर्धी नादारी. शब्द फारसीतला. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. दिवाणी न्यायालयात ज्याला दिवाळखोर ठरवले जाई त्यालाही मराठीत नादारच म्हणत. पुस्तके मागणारे पोर आणि पेढी बुडालेला व्यापारी हे दोघे आपल्या भाषेने एकाच शब्दात बसवले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

१९६२ साली मी महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी असा एक अर्ज लिहिला होता. बडोदे तोवर मुंबई राज्यातून निघून गुजरातेत आले होते. वडील जुन्या संस्थानी नोकरीतले. अर्ज, खलिते, शेरे यांत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी इंग्रजीत मोठ्या डौलदार अक्षरांत लिहिले की, 'कुटुंबाची परिस्थिती ओढग्रस्तीची असल्यामुळे' वगैरे. खिडकीपलीकडच्या कारकुनाने कागद परत सरकवला आणि म्हणाला, 'असे चालणार नाही. सरळ 'पुअर' लिहा.' वडील पाच मिनिटे तिथेच उभे राहिले. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता तो शब्द लिहिला. त्या पाच मिनिटांचा विचार मी पुढे अनेकदा केला, आणि त्यातूनच या विषयाचे वेड लागले. शिक्षणासाठी मदत मागणाऱ्याला काय काय सिद्ध करावे लागते, आणि देणारा त्याच्या बदल्यात काय मागतो?

आपल्याकडे याला एक ठरीव शब्दप्रयोग आहे : 'गरीब व होतकरू विद्यार्थी'. वर्तमानपत्रांतील देणग्यांच्या बातम्यांत, संस्थांच्या अहवालांत हे जोडनाव हमखास भेटते. त्यातली खरी अडचण 'व' या अक्षरात आहे. नुसते गरीब असून भागत नाही आणि नुसते होतकरू असूनही नाही. गरिबीचा दाखला मामलेदार देतो. होतकरूपणाचा दाखला कोण देणार?

पेशवाईत हा प्रश्न असा पडत नसे. विद्यार्थी वार लावून जेवे किंवा माधुकरी मागे, गुरूच्या घरी पडेल ते काम करी, आणि विद्या पुरी झाली की श्रावणात दक्षिणेला उभा राही. ही दक्षिणा मूळची सेनापती दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे तो दानधर्म पेशव्यांनी आपल्याकडे घेतला. ते डभई आमच्या बडोद्यापासून फार तर एका तासाच्या वाटेवर आहे. पुण्याच्या रमण्याचा इतिहास सांगताना तिथल्या रणांगणाची आठवण सहसा कोणी काढत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवितो. नानासाहेबांच्या काळात या दानाचा व्याप फार वाढला. १८१८ नंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने हा खर्च एकदम बंद केला नाही. वर्षाला पन्नास हजार रुपयांची मर्यादा घातली आणि त्याच निधीच्या आधारावर ऑक्टोबर १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढे तिचेच पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झाले. दानाचे शिक्षणात रूपांतर होण्याची ही पहिली पायरी.

पण दक्षिणा मागायला अर्ज लागत नसे. लागे तो जन्म. ब्राह्मण नसलेल्याला तिथे दारच नव्हते. १८४९ साली गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने काही तरुणांनी सरकारकडे विनंती केली की, या निधीतील काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथरचनेकडे वळवावा आणि त्याला जातीची आडकाठी असू नये. पुण्यातले सनातनी खवळले. ज्यांनी अर्जावर सह्या केल्या त्यांना मारहाणीची भीती वाटू लागली, तेव्हा जोतिराव फुले महार-मांग समाजांतले दोनशेच्या आसपास तरुण त्यांच्या पाठीशी उभे करून गेले. शिक्षणाच्या पैशासाठी लिहिलेल्या एका अर्जाभोवती असा पहारा बसवावा लागला, ही गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासात अधिक ठळकपणे यायला हवी होती. या खटपटीतून दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले; महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तसे फेलो होते. श्रावणातल्या एका दिवसाच्या दानाची दरमहाची वृत्ती झाली आणि तिच्या मागे परीक्षेचा निकाल आला.

तरीही एकोणिसाव्या शतकात बहुतेकांची खरी शिष्यवृत्ती घरातच होती. वडील वारल्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवायला सुरुवात केली. पुढे महाविद्यालयासाठी वहिनीचे दागिने विकले गेले. शेवटच्या वर्षी एल्फिन्स्टन कॉलेजात गोखल्यांना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा कुठे घरचा भार हलका झाला. गोविंदरावांनी कुठलाही अर्ज मागितला नव्हता आणि करारही लिहून घेतला नव्हता. अशा भावांची व वहिनींची नावे कुठल्याही शिष्यवृत्तीच्या फलकावर नाहीत.

अर्जांच्या इतिहासात एक मोठी त्रुटी आहे. जे मान्य झाले तेच आपल्याला ठाऊक असतात. नामंजूर अर्ज रद्दीत गेले, आणि त्यांच्याबरोबर ती माणसेही. एका नाकारलेल्या अर्जाची हकीकत मात्र शिल्लक आहे, कारण तो चुकीच्या दारी टाकला असता भलत्याच दारी पोहोचला. गोपाळराव जोशी कोल्हापूरला टपाल खात्यात असताना पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याकडे मदत मागितली. वाइल्डरने उत्तर दिले की, धर्मांतर कराल तर पाहू. गोपाळराव त्याला तयार नव्हते. वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या मिशनरी नियतकालिकात छापला. त्यामागे मदत मिळवून देण्याचा हेतू मुळीच नव्हता. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिसिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. उरलेले सर्वांना माहीत आहे.

पण जे कमी माहीत आहे ते आनंदीबाईंच्या स्वतःच्या अर्जाविषयी. अमेरिकेत पोहोचल्यावर, २८ जून १८८३ रोजी, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. त्यात त्या प्रथम आपल्या उणिवा कबूल करतात. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकू असे नाही, पैसा बेताचा आहे, असे त्या लिहितात. मग सांगतात की, स्वजनांचा व जातीचा एकवटलेला विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी इथवर आले, तो निश्चयही तुम्ही माझ्या पात्रतेत धरावा. देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळावी, हा आपला हेतू त्या मांडतात. त्यांना प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही. अठरा वर्षांच्या त्या मुलीने 'गरीब' आणि 'होतकरू' यांच्या पलीकडे एक तिसरा पुरावा शोधला होता : मी इथपर्यंत कशी आले ते पाहा. अर्ज लिहायला बसणाऱ्या आजच्या मुलामुलींना मी हे पत्र मिळवून वाचायला सांगतो. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्या शिक्षणाचा उपयोग करायला त्यांना वर्षभरही मिळाले नाही.

पाच वर्षांनी, १८९२ साली, जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. त्याचे पहिले लाभार्थी कोण, हे विचारले तर बहुतेक लोक एखाद्या आय.सी.एस. अधिकाऱ्याचे नाव सांगतील. पहिल्या दोघी स्त्री-डॉक्टर होत्या. एक फ्रेनी कामा आणि दुसऱ्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. टाटांची मदत दान नव्हती, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. शिकून कमवायला लागल्यावर ती फेडायची आणि मग तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याकडे जायचा. टाटांना भिक्षा वाटायची नव्हती. घेणाऱ्याची मानही त्यामुळे ताठ राहिली.

देणाऱ्यांच्या अटी एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्या काळाचे राजकारण उलगडत जाते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. पण त्यांनी शब्द दिला होता तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीला. सरकारी नोकरीत त्यांना कितीतरी अधिक मिळाले असते. ते परतले आणि फर्ग्युसनमध्ये आजीव सभासदाच्या पंचाहत्तर रुपयांवर रुजू झाले. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर शिवाजी शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. ती मिळाली मांडवी-कच्छच्या श्यामजी कृष्णवर्मांमार्फत, आणि शिफारस होती टिळकांची. श्यामजींची अट जगावेगळी होती : शिकून आल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी, पद वा वेतन घ्यायचे नाही. म्हणजे सरकारच्या पैशावर गेलेल्या परांजप्यांनी सरकारी नोकरी घेतली नाही ती स्वतःच्या वचनामुळे, आणि सावरकरांवर ती न घेण्याचे बंधन करारानेच होते. बडोद्याची अट या दोहोंपेक्षा वेगळी. तिकडे आता वळू.

सयाजीराव गायकवाडांना १८८१ साली कारभाराचे अधिकार मिळाले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्याला लागू केला, हे अनेकदा सांगितले जाते. उच्च शिक्षणासाठी ते जी मदत करीत, तिचा हिशेब मात्र वेगळा होता. प्राथमिक शिक्षण प्रजेचा हक्क. परदेशी शिक्षण ही राज्याची गुंतवणूक. राज्य चालवायला इंजिनियर, हिशेबनीस, डॉक्टर, शिक्षक हवेत. ते बाहेरून किती दिवस आणणार? म्हणून हुशार मुलगा निवडायचा, त्याला परदेशी पाठवायचे आणि परतल्यावर ठराविक वर्षे राज्याची सेवा करण्याचा करार लिहून घ्यायचा. या व्यवहाराला उपकार म्हणणे अर्धे खरे आहे. राज्याला गरज होती, आणि महाराजांना माणसे ओळखता येत होती.

बडोद्याचे सगळेच लाभार्थी बडोद्याचे प्रजाजन नव्हते. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना खर्चाची ओढाताण होऊ लागली, तेव्हा प्रथम गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने हात दिला आणि मग सयाजीरावांकडून दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. म्हस्के वकील होते. मराठा समाजातल्या मुलांना शोधून शिक्षणाच्या वाटेला लावणे हे त्यांचे खरे काम. आज त्यांचे नाव फार थोड्यांना आठवते. ज्या काळी दरबारापर्यंत पोहोचणेच कठीण, त्या काळी अर्ज लिहिणाऱ्याइतकाच तो योग्य हातात नेऊन देणारा महत्त्वाचा असे. शिंदे पुढे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले.

भीमराव आंबेडकरांच्या बाबतीत हे मध्यस्थीचे काम कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी केले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारात केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. थोड्याच काळात निवृत्त सुभेदार रामजींचा हात आखडला. सयाजीरावांनी मुंबईत जाहीरपणे सांगितले होते की, अस्पृश्यांतील लायक विद्यार्थ्याला आपण मदत करू. केळुसकरांनी ते शब्द ध्यानात ठेवले आणि मुलाला घेऊन महाराजांसमोर उभे केले. महाराजांनी चार प्रश्न विचारले, उत्तरे पटली, आणि महिना पंचवीस रुपये मंजूर झाले. आज हे सोपे वाटते. जाहीर सभेत दिलेले आश्वासन खरे मानून त्याचा पाठपुरावा करणारा शिक्षक किती जणांच्या वाट्याला आला असेल?

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत आले. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली; २ फेब्रुवारीला रामजी वारले. त्याच सुमारास महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. भीमराव त्यांना मुंबईत भेटले. अर्ज करा, असे त्यांना सांगण्यात आले. निवड झाली, आणि ४ जून १९१३ रोजी बडोद्यात शिक्षण खात्याच्या उपमंत्र्यांसमोर करारावर सही झाली. करार असा की, नेमून दिलेल्या विषयांच्या अभ्यासात वेळ घालवायचा आणि शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करायची. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या काळच्या पंधरा रुपयांच्या दराने ती पावणेदोनशे रुपयांच्या आत-बाहेर होते. त्यातच न्यूयॉर्कमधले राहणे-खाणे, त्यातूनच पुस्तके आणि त्यातूनच घरी रमाबाईंना पाठवायचे पैसे. जेवणात काटकसर करून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमा केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

१९१५ मध्ये एम.ए., १९१६ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध, त्याच वर्षी मे महिन्यात जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध. मग लंडन. तिथे अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास एकदमच चालू झाला, पण वर्षाच्या आत शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मदत बेतून दिलेली असते आणि अभ्यास बेताने होत नाही, हे दुखणे आजच्या संशोधक विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. महायुद्धाचे दिवस होते. सामान ज्या बोटीवर चढवले ती पाणतीराने बुडाली. सामानाची नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले, आणि करार पाळण्यासाठी बडोद्याला जाण्याचा खर्च त्याच पैशातून भागला.

सप्टेंबर १९१७. पुढचे प्रसंग आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहेत, आणि बडोदेकर म्हणून ते वाचताना आजही मान खाली जाते. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून बजावून गेले. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला. मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. कचेरीत शिपाई दुरून कागद फेकत, ते वेगळेच.

दहा वर्षांचा करार दोन आठवडेही टिकला नाही. तो मोडला कोणी? कागदावर पाहिले तर सेवा न करणाऱ्याने. पण ज्या राज्याने चार वर्षे शिक्षणाचा खर्च केला, त्याच्या राजधानीत त्या विद्वानाला डोके टेकायला एक खोली मिळाली नाही. सयाजीरावांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांनी राहण्याची सोय करा असे दिवाणांना सांगितलेही होते, असे म्हणतात. तरी एक गोष्ट उरतेच. शिष्यवृत्ती देताना संस्थानने विद्यार्थ्याची लायकी तपासली, विषय ठरवून दिले, सेवेची वर्षे मोजली. शहराची लायकी तपासण्याचे कलम त्या करारात नव्हते. आमच्या मंडळाच्या एका सभेत मी हे बोललो तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला महाराजांचा अवमान केल्याबद्दल टोकले. मला तसे वाटत नाही. जे राजाला जमले ते नगराला जमले नाही, एवढेच माझे म्हणणे.

पुढचे शिक्षण आंबेडकरांनी कोणत्याही करारावर केले नाही. १९१८ च्या नोव्हेंबरपासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी काही मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. एका शहरात पारशांनी काठ्या घेऊन हाकलले आणि दुसऱ्यात एका पारशाने कर्ज दिले, हे योगायोगाने एकाच चरित्रात आले आहे. शाहू महाराजांची रीत आणखी वेगळी होती. पैशापेक्षा छप्पर आधी, हे त्यांनी ओळखले होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे. १९०८ मधले मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी. बडोद्याच्या त्या अकरा दिवसांनंतर कोल्हापूरच्या वसतिगृहांचे मोल अधिक कळते.

कोलंबियातल्या प्रबंधावर आधारलेला ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये निघाला; ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणाच्या उत्क्रांतीवरचा तो ग्रंथ. आंबेडकरांनी तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला, शिक्षणात केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोद्यात जे घडले ते लपवायचे नाही आणि ज्याने दिले त्याचे ऋणही नाकारायचे नाही, या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात.

स्वतः मदत मिळवण्यापासून मदतीची व्यवस्था उभी करण्यापर्यंतचा प्रवास त्यांनी पुढच्या काळात केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. त्या खटपटीतून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजही चालू आहे. राजाच्या मर्जीवरची गोष्ट आता अंदाजपत्रकाच्या शीर्षकाखाली आली. केळुसकरांसारखा कोणी हात धरून नेणारा नसला तरी चालेल, अशी ती व्यवस्था होती, निदान कागदावर.

या काळात मुंबई राज्यात, आणि मग महाराष्ट्रात, अन्य वाटाही निघाल्या. भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'त अर्जच नव्हता. मुले शेतात आणि बांधकामावर राबत आणि शिकत. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ठराविक उत्पन्नाखालच्या कुटुंबांतील मुलांना, जात न पाहता, फी-माफी दिली, 'ई.बी.सी.चा फॉर्म' हा शब्द महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीच्या तोंडी बसला. आम्ही बृहन्महाराष्ट्रातले लोक मात्र १९६० नंतर या पंगतीच्या बाहेर राहिलो.

ही आमची तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे. पण तिचा विचार आपल्या मंडळींत फारसा होत नाही. मदत आता भाषेमागे जात नाही, अधिवासामागे जाते. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीदेखील विद्यार्थी ज्या राज्याचा कायमचा रहिवासी त्या राज्यामार्फत मिळते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एका राज्यातील अनुसूचित दर्जा स्थलांतर केल्यावर दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. हैदराबादला किंवा इंदूरला कामासाठी गेलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातली मुलगी त्यामुळे दोन राज्यांच्या मध्ये अडकते : जिथे राहते तिथे तिची जात यादीत नाही आणि जिथे जात यादीत आहे तिथे ती राहत नाही. जमखंडीच्या शिंद्यांना बडोद्याने विचारले नव्हते की तुम्ही कोठले. तो एका माणसाचा निर्णय होता, म्हणून शक्य झाला. नियम सर्वांसाठी असतो, म्हणून त्याला कुंपण लागते. दोन्हींतले अधिक न्याय्य काय, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

गेल्या वर्षी नातवाचा अर्ज भरताना मी शेजारी बसलो होतो. गुजरातेत २०१५ पासून चालू असलेल्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचा तो अर्ज, सगळा संगणकावर. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, गुणपत्रिका. गरिबी आकड्यात भरायची आणि होतकरूपणाही टक्क्यांत. परिस्थितीचे वर्णन करायला कुठेही जागा नव्हती. आनंदीबाईंना आपला तिसरा पुरावा त्या चौकटींत कुठे लिहिता आला असता, हे मी शोधत राहिलो. नातू म्हणाला, 'आजोबा, हे बरेच आहे की. कोणासमोर उभे राहावे लागत नाही.' त्याचेही खरे होते. खिडकीपलीकडे कोणी नव्हते, आणि कागद परत सरकवणारा हातही नव्हता.

मी त्याला वडिलांच्या अर्जाची हकीकत सांगितली. त्याने विचारले, मग मिळाली का नादारी? मिळाली, अर्धी. उरलेल्या अर्ध्या फीसाठी आईने दूधवाल्याचे बिल दोन महिने थकवले, आणि त्या दूधवाल्याने कसलाही दाखला मागितला नाही.